युवक महोत्सवात एक खुर्ची समुपदेशकाची
महाराष्ट्राच्या उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना येलहंक्याहून खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी महाविद्यालयीन कलामंचांचा उपयोग

महोदय,


हे पत्र मी बेंगळूरूच्या उत्तर टोकाला असलेल्या येलहंका उपनगरातून लिहीत आहे. नोकरीची सगळी वर्षे महाराष्ट्रात मराठी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे राहते. दुसऱ्या राज्यात बसून आपल्याला लिहिते याचे कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. २०२३ साली देशाचा आकडा १३,८९२ वर गेला, पहिला क्रमांक महाराष्ट्राचाच राहिला.

याच महाराष्ट्रात महाविद्यालयीन मुलांची नाटके पाहायला रांगा लागतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. नाटकात चित्र, नृत्य, वाद्य सगळे गुंफणारा फिरोदिया करंडक आहे. प्रत्येक विद्यापीठाचा युवक महोत्सव होतो आणि त्यावर राज्यपातळीचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आहे. मुलांना रंगमंच देण्याची इतकी घडी बसलेली यंत्रणा फार थोड्या राज्यांकडे असेल. ही यंत्रणा आणि तो आकडा यांची गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ही गोष्ट इथे राहून का सुचली, ते आधी सांगते. येलहंका हे बेंगळूरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे मूळ गाव. आता ते हवाई दलाच्या तळामुळे, रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यामुळे आणि मुख्य म्हणजे कॉलेजांमुळे ओळखले जाते. रेवा विद्यापीठ, निट्टे मीनाक्षी, बीएमएस यांसारख्या संस्था या परिसरात आहेत. न्यू टाउनमध्ये गीता नारायणन यांनी १९९६ साली सुरू केलेली ‘सृष्टी’ ही कला आणि डिझाइनची संस्था आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूर, नागपूरची मुले इथे शिकायला येतात. संध्याकाळी एखाद्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या उपाहारगृहात, कॉफी घ्यायला उभे राहावे तर शेजारच्या टेबलावर हमखास मराठी ऐकू येते. घरापासून दूर, बारा बाय दहाच्या पीजीत तिघे राहणारी ही मुले आहेत. ती माझ्याशी मोकळेपणाने बोलतात, कारण मी त्यांची परीक्षा घेत नाही.

मनाचा आजार आणि कला यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न या शहरात डोळ्यांसमोर होत असतात. होसूर रस्त्यावर निम्हान्स आहे, देशातली मानसिक आरोग्याची अग्रगण्य संस्था. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस या मोफत दूरध्वनी सेवेची सूत्रे तिच्याकडेच आहेत. येलहंक्याहून शहरात जाताना बळ्ळारी रस्त्यावर सायन्स गॅलरी लागते. तिने २०२२ साली ‘सायकी’ नावाचे मनाविषयीचे प्रदर्शन तरुणांसाठी केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये निम्हान्स, एनसीबीएस ही जीवविज्ञानाची संशोधनसंस्था आणि रोहिणी नीलेकणी फिलान्थ्रॉपीज यांनी ‘मनोत्सव’ हा मानसिक आरोग्याचा महोत्सवच भरवला. सृष्टीच्या विद्यार्थ्यांनी ‘आर्ट इन ट्रान्झिट’ या उपक्रमात पीण्या आणि कब्बन पार्क मेट्रो स्थानकांवर काम केले. जिथे माणसे चित्र पाहायला येत नाहीत तिथे चित्र नेऊन ठेवले. कलेने माणसापर्यंत चालत जावे, हे या शहराने करून दाखवले आहे.

तरीही कॉलेजांच्या आवारात जे दिसते ते वेगळे आहे. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या सुमारास पोस्टर स्पर्धा होतात, पथनाट्ये होतात. असे एक पथनाट्य मी पाहिले. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण ते कुठलेही असू शकते. मुलांनी जीव ओतून काम केले होते. निकाल लागतो, वडील रागावतात, मित्र हसतात, शेवटी मुलगा मरतो आणि सगळे मिळून घोषणा देतात. टाळ्या झाल्या, परीक्षकांनी गुण दिले, पुढच्या कार्यक्रमासाठी सभागृह रिकामे करायची घाई सुरू झाली. मधल्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून बसून राहिला होता. स्वयंसेवक त्याच्या भोवतीच्या खुर्च्या उचलत होते. त्याच्याजवळ जाऊन बसावे, असे काम कुणाला नेमून दिलेलेच नव्हते.

महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की कला मुलाला बोलण्याच्या काठापर्यंत आणते आणि तिथे कुणी ऐकणारे नसेल तर तिने त्याला एकटे सोडले असे होते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कला वापरायची असेल तर सादरीकरणाइतकेच महत्त्व तालमीला, चर्चेला आणि समुपदेशकाला द्यायला हवे. घोषणा आणि बक्षिसे यांनी ते साधत नाही.

कला नेमके काय करते, ते मुलांमध्ये राहून दिसते. नाटकातल्या पात्राविषयी बोलताना मुले जे सांगतात ते स्वतःविषयी कधी सांगणार नाहीत. ‘त्याला रात्रभर झोप लागत नसणार’, ‘त्याला घरी फोन करायची भीती वाटत असणार’, असे म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा स्वतःच्याच खोलीतून बोलत असतो. पात्राच्या आडून बोलण्याची मुभा हा नाटकाचा मोठा उपकार आहे. ज्याला बोलणेच जमत नाही त्याला चित्र काढता येते, माती मळता येते, ढोलकीवर हात टाकता येतो.

दुसरी गोष्ट तालमीची. ऐंशी मुलांच्या वर्गात एखादा चार दिवस आला नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. बाराजणांच्या तालमीत एकजण आला नाही की दहा मिनिटांत फोन जातो, कारण त्याच्यावाचून प्रवेश अडतो. माणसाची गरज असणे आणि ती त्याला रोज कळणे, हे खचलेल्या मुलासाठी औषधाइतकेच मोलाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेमुळे आरोग्याला होणारे फायदे मांडले आहेत. तालमीच्या हॉलमध्ये बसणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ते अनोळखी वाटणार नाहीत.

मात्र एक गोष्ट येलहंक्यातच लक्षात आली. कला शिकणारी मुले ताणातून सुटलेली नसतात. ज्युरीच्या आदल्या रात्री डिझाइनची मुले अभियांत्रिकीच्या मुलांइतकीच जागी असतात, तितकीच घाबरलेली असतात. चित्रालाही गुण मिळू लागले की चित्र हीच परीक्षा होते. म्हणून मानसिक आरोग्याच्या विषयावर स्पर्धा ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते. कुणाचे दुःख पहिले आणि कुणाचे उत्तेजनार्थ, हे ठरवणारा परीक्षक कुठून आणायचा?

प्रेक्षकाला बोलते करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. गाडगेबाबा कीर्तनात एकटेच बोलत राहत नसत. समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, त्यांच्या तोंडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तराला धरून पुढे जात. ऐकणारा कीर्तनात सामील होई, म्हणून घरी गेल्यावरही विचार करी. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी फोरम थिएटर या नावाने जी पद्धत घडवली ती याच जातीची आहे. प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू करतात. प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणतो, पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळ्या वाटेने नेऊन पाहतो. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेली ‘जनसंस्कृती’ ही संस्था खेडोपाडी हे काम करते आहे.

हीच पद्धत वसतिगृहात आणून पाहावी. निकाल पाहून आलेला मुलगा पलंगावर पडला आहे, खोलीतला दुसरा कानात हेडफोन घालून बसला आहे. प्रसंग थांबतो. प्रेक्षकांतला एकजण येतो, म्हणतो, ‘सोड रे, होतं असं.’ मुलगा भिंतीकडे तोंड करतो. दुसरी येते, विचारते, ‘जेवलास का?’ मुलगा उठून बसतो. तिसरा थेट विचारतो, ‘जगू नये असं वाटतंय का तुला?’ सभागृहात शांतता पसरते. इथे समुपदेशकाने उभे राहून सांगायचे असते की असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट विचारणारा कुणी आहे, हे कळून बोलणे सोपे होते. मग कोणाकडे न्यायचे, एकटे का सोडायचे नाही, हेही तिथेच समजावता येते. अर्ध्या तासात शंभर मुले मित्राला कसे सावरायचे ते करून शिकतात. हे काम भिंतीवरच्या पोस्टरने होत नाही.

मराठी सिनेमाने आणि मराठी मनोविकारतज्ज्ञांनी तर यात देशाला वाट दाखवली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया आणला आणि ‘कासव’मध्ये नैराश्य. ‘कासव’मधला तरुण जीवनातून उठून जायला निघालेला आहे. स्वतः नैराश्यातून गेलेली एक स्त्री त्याला कोकणातल्या घरी आणते आणि त्याला कशाचाही जाब न विचारता त्याच्याजवळ राहते. या चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मात्यांपैकी एक डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, १९८६ साली बर्लिनची ग्रिप्स ही मुलांच्या प्रश्नांवरची नाट्यचळवळ पुण्यात आणणारेही तेच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. तेही नाटके लिहितात, गाणी लिहितात. डॉक्टर आणि कलावंत एकाच माणसात नांदतात अशी उदाहरणे आपल्या घरात असताना कॉलेजच्या पातळीवर या दोघांची भेट होऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

सावधगिरीचा एक मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. नाटकात मृत्यू दाखवणे सोपे असते, त्याने टाळ्याही मिळतात. पण आत्महत्येचे तपशीलवार किंवा गौरव करणारे चित्रण आधीच काठावर असलेल्या मुलांना ढकलू शकते, हे अनेक अभ्यासांतून समोर आले आहे. १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या गटेच्या कादंबरीतील नायकावरून या परिणामाला वेर्थर परिणाम म्हणतात. याची उलट बाजू ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० साली मांडली. संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट ऐकल्याने जीव वाचू शकतात, असे त्यांना दिसले. मोझार्टच्या संगीतिकेत निराश झालेल्या पापागेनोला तीन मुले दुसरी वाट दाखवतात, म्हणून त्यांनी याला पापागेनो परिणाम म्हटले. आपल्या एकांकिका पापागेनोच्या बाजूच्या हव्यात. मार्ग कोणता, साधन कोणते, हे रंगमंचावर कधीही दाखवू नये. मुलगा कसा सावरला, कुणी हात दिला, उपचार कसे झाले, हे दाखवावे. त्यात नाट्य कमी नसते. ‘कासव’ने ते सिद्ध केले आहे.

कलेच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. तीव्र नैराश्य नाटकाने बरे होत नाही. त्याला डॉक्टर लागतो, काही वेळा गोळ्या लागतात. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. नाटक पाहून मदत मागायला आलेल्या मुलाला ‘तीन आठवड्यांनी ये’ म्हणावे लागले तर जागृतीचा उपयोग काय?

आता तर कायद्याचे पाठबळही आहे. विशाखापट्टणमला कोचिंगसाठी राहणाऱ्या एका अल्पवयीन मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. टेलि-मानससारख्या मदतसेवांचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळक लावलेले हवेत. खेळ आणि कला यांना प्राधान्य द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले आहे. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेस सगळे यात येतात. म्हणजे समुपदेशक आणि कला या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात आहेत. त्यांना एकत्र बांधणे शासनाच्या हातात आहे.

म्हणून आपल्याकडे पाच मागण्या करते.

पहिली मागणी, युवक महोत्सवात मानसिक आरोग्याच्या विषयावर बिगरस्पर्धेचा एक विभाग असावा. तिथे गुण नसावेत, क्रमांक नसावेत. सादरीकरण जितका वेळ, तितकाच वेळ प्रेक्षकांशी चर्चेला राखून ठेवावा.

दुसरी, अशा प्रत्येक कार्यक्रमात समुपदेशकाची खुर्ची असावी आणि कार्यक्रम संपल्यावर किमान तासभर ती व्यक्ती तिथे थांबावी. बोलायला जागा वेगळी, शांत असावी. मुलाने काय सांगितले ते घरी किंवा विभागप्रमुखांकडे त्याच्या संमतीशिवाय जाऊ नये. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

तिसरी, संहिता लिहितानाच समुपदेशकाने ती वाचावी. कात्री लावण्यासाठी नव्हे, धोक्याच्या जागा दाखवण्यासाठी. कुणा खऱ्या विद्यार्थ्याची कहाणी त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीवाचून रंगमंचावर येऊ नये. वेदना मांडणाऱ्या नटाचीही नंतर विचारपूस व्हावी.

चौथी, वर्षभर चालणारे छोटे कलागट प्रत्येक महाविद्यालयात असावेत. ज्यांना अभिनय येत नाही, चित्र येत नाही, त्यांनाच तिथे आधी जागा मिळावी. आठवड्यातून दोन तास, एक साधी खोली, कागद, रंग, एखादी ढोलकी आणि प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक एवढे पुरे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आनंदाने उचलतील.

पाचवी, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथल्या कोचिंग क्लासेसमधल्या मुलांना विसरू नये. त्यांना महोत्सव नाही, मैदान नाही, तालीम नाही. दिवसभर वर्ग आणि रात्री खोली. शालेय शिक्षण विभागाला बरोबर घेऊन या क्लासेसनाही न्यायालयाच्या सूचना पाळायला लावाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयांच्या नाट्यगटांनी तिथे महिन्यातून एकदा प्रयोग करावा. ‘कासव’सारखा चित्रपट तिथे दाखवला आणि नंतर तासभर बोलणे झाले, तर तो दिवस वाया गेला असे कुठल्याही पालकाने समजू नये.

यासाठी मोठी इमारत लागत नाही, नवे महामंडळ लागत नाही. कलावंत विद्यार्थी आहेत, प्रेक्षक विद्यार्थी आहेत, रंगमंच उभा आहे. समुपदेशक नेमणे न्यायालयाने आधीच बंधनकारक केले आहे. एक नीट लिहिलेले परिपत्रक आणि त्याची अंमलबजावणी तपासणारी यंत्रणा, एवढेच बाकी आहे. पुढच्या युवक महोत्सवाची नियमावली निघेल तेव्हा तिच्यात ही पाच कलमे असावीत, अशी कळकळीची विनंती करते.

आणि हे पत्र एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडले असेल तर त्याला, तिला सांगते: सगळे असह्य झाले असेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन कर. दिवसरात्र कधीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तोवर शेजारच्या खोलीचे दार वाजव आणि एकटा, एकटी राहू नकोस.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
येलहंका, बेंगळूरू